वरच्या खिडकीचं ऊन

आई आमच्याकडे कायमची राहायला आली, त्या वर्षीच्या एप्रिलातली ही दुपार. शनिवार होता म्हणून मी घरी होते. चहाचे कप घेऊन हॉलमध्ये आले तर आई खुर्चीत पदर कपाळावरून थेट हनुवटीपर्यंत ओढून बसलेली. मला वाटलं, रडतेय. कप टीपॉयवर टेकवले आणि जवळ गेले.

“काय झालं गं?”

“काही नाही. ऊन आलंय,” ती पदराआडूनच म्हणाली. “जाईल आत्ता. तू चहा घे.”

मी वर पाहिलं. दाराच्या वर आमची ती मोठी खिडकी, तिच्या मधोमध सूर्य, आणि त्याचा झोत सरळ आईच्या तोंडावर. फेब्रुवारीत तिच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. उजेड अजून सोसत नव्हता. म्हणजे रोज या वेळी ती अशीच पदर ओढून बसत होती, आणि रोज या वेळी मी ऑफिसात होते. तिने एकदाही सांगितलं नव्हतं.

“मग खुर्ची सरकवायची ना,” मी म्हणाले. आवाज चढला माझा.

“इथनं फाटक दिसतं.”

एवढंच म्हणाली. त्या फाटकातून मी संध्याकाळी सात वाजता घरी येते.

ती खिडकी बघूनच आम्ही हे घर घेतलं होतं. सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला रो-हाऊसची एक रांग आहे, त्यातलं एक. पश्चिमेला फाटक, छोटंसं अंगण, दार, आणि दारातून आत आलं की दोन मजल्यांएवढ्या उंचीचा हॉल. जमिनीपासून छतापर्यंत १८ फूट. त्याच पश्चिमेच्या भिंतीत, दाराच्या वर, ११ फुटांपासून १६ फुटांपर्यंत उंच आणि ६ फूट रुंद अशी न उघडणारी एकसंध काच. पहिल्यांदा घर बघायला आलो तेव्हा संध्याकाळ होती. आत भांडंकुंडं काही नाही, नुसत्या चुन्याचा वास आणि समोरच्या भिंतीवर केशरी उजेडाचा एक चौकोन. नवऱ्याने आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि ठरलंच.

खालच्या खिडक्यांना राहायला आल्याच्या पहिल्याच रात्री जुन्या साड्या बांधल्या होत्या. वरच्या खिडकीला नऊ वर्षांत काही लावायचं सुचलं नाही. आता कळतं की पडदा म्हटला की आपल्या मनात आधी लोकांची नजर येते. रस्त्यावरच्याला आतलं दिसू नये, समोरच्या गॅलरीतल्याला आपलं जेवणाचं ताट दिसू नये. वरच्या खिडकीतून कोण बघणार? फार तर घार. त्यामुळे तिथे झाकण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. ऊन दिवसातून ठरावीक वेळी येतं आणि त्या वेळी बहुतेक दिवस आम्ही दोघंही घरात नसायचो. घर ज्या वेळी भाजून निघायचं, त्या वेळचं घर आम्ही नऊ वर्षं नीट पाहिलंच नव्हतं. ते पहिल्यांदा आईने पाहिलं.

नवरा म्हणाला, रविवारी सुताराला बोलावू. मला तेवढा धीर नव्हता. शेजारून उंच शिडी आणून भिंतीला टेकवली, खांद्यावर सोलापुरी चादर, हातात हातोडी. पहिला खिळा बसला. दुसऱ्या जागी आत लिंटेलचं, म्हणजे खिडकीवरच्या तुळईचं काँक्रीट होतं, खिळा वाकला, मी जोर लावला आणि शिडी सरकली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

हाडाच्या दुखण्यापेक्षा एक गोष्ट जास्त लागली. दवाखान्यातून आलो तर आई खुर्ची सोडून आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. “माझ्यापायी झालं,” म्हणाली, आणि पुढचे दोन दिवस हॉलमध्ये आलीच नाही. एका कोपऱ्यात निघालेली ती चादर तशीच लोंबत राहिली. सुताराने घोडा, म्हणजे दुहेरी शिडी, आणून ती काढली, तेव्हा मी पहिल्यांदा नीट मनात घोळवलं की या खिडकीला जे काही लावू, ते उद्या काढावं लागणार आहे, धुवावं लागणार आहे, अडकलं तर सोडवावं लागणार आहे, आणि दर वेळी कोणीतरी माणूस तेवढ्या उंचीवर चढणार आहे. उंचावरच्या खिडकीचा पडदा निवडताना कापड शेवटी बघायचं. आधी बघायचं की तिथवर हात कुणाचा, कसा आणि किती वेळा पोचणार.

प्लास्टरमुळे घरी बसणं आलं. त्या सहा आठवड्यांत मी त्या उन्हाचा माग काढला. कल्पना आईची. “कुठं येतं ते आधी बघ की, मग झाक,” म्हणाली. माझ्या डाव्या हाताने लिहिता येईना, म्हणून पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांवर वेळ तिने लिहायची आणि मी ती चिठ्ठी उन्हाच्या कडेला नेऊन चिकटवायची. ३.१५. ३.३०. ३.४५. तिचं जुन्या वळणाचं, तिरकं अक्षर. आठवडाभरात फरशीवर, खुर्चीच्या पाठीवर आणि मागच्या भिंतीवर चिठ्ठ्यांची एक वाटच तयार झाली.

त्या वाटेने खूप काही सांगितलं. एवढी मोठी खिडकी, पण ऊन आईच्या डोळ्यांवर असतं फक्त पावणेचारपासून साधारण तासभर. खुर्ची खिडकीपासून बारा फुटांवर. त्याआधी सूर्य जास्त वर असतो तेव्हा उन्हाचा चौकोन तिच्या पायांच्या अलीकडे फरशीवर पडतो. मग तो पायांवर, मांडीवर, तोंडावर येतो. सूर्य खाली उतरतो तसा चौकोन भिंतीवर वर वर चढत जातो आणि पाचनंतर तिच्या डोक्यावरून निघून जातो. साडेसहाला तोच चौकोन केशरी होऊन छताजवळ पोचलेला असतो, ज्याच्यावर भाळून आम्ही घर घेतलं तो.

खिडकीवर दीड फुटाचा छज्जा आहे, तो का उपयोगाला येत नाही हेही तेव्हा समजलं. छज्जा डोक्यावरच्या सूर्यासाठी असतो. पुण्यात मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते, त्या दिवसाला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. तसल्या उन्हाला छज्जा अडवतो. दक्षिणेच्या खिडकीला तर तो फारच कामाचा, कारण तिकडचा सूर्य डिसेंबरातसुद्धा दुपारी बराच वर असतो. पश्चिमेचा सूर्य मात्र छज्जाखालून वाकून आत येतो. त्याला आडव्या फळीचं काही वाटत नाही, त्याच्यासमोर उभं काहीतरी धरावं लागतं.

त्यात तो एका जागी मावळतही नाही. जूनमध्ये आपल्याकडे तो ठीक पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. ही दुसऱ्या टोकाची गोष्ट मला पुढच्या थंडीत कळायची होती.

हात बरा झाल्यावर दुकानं हिंडले. शहरात पडद्यांची इतकी दुकानं आहेत हे गरज पडेपर्यंत लक्षात येत नाही. दुकानदारांनी मापं ऐकली की पहिला प्रश्न ठरलेला, “मॅडम, वरपासून खालपर्यंत सोडायचा का?” छतापासून जमिनीपर्यंत झोकात सोडलेला पडदा. फोटोत तो फार देखणा दिसतो. पण सोळा-सतरा फुटांचं अस्तर लावलेलं कापड उचलून बघा. त्याच्या वजनाला नुसत्या रॉडवर भरवसा टाकता येत नाही, भिंतीत ब्रॅकेट्स नीट पकडलेली लागतात. शिवाय आमची खिडकी दारावर. पडदा सोडला तर दारासमोर सोडावा लागणार. आणि दिवाळीला तो उतरवून धुवायचा म्हटलं तर पुन्हा घोडा, पुन्हा माणूस. सुती असेल तर पश्चिमेच्या उन्हाने दोन-तीन वर्षांत त्याच्या घड्यांवर फिकट पट्टे उमटतात. रेशमी तर लावूच नये, ऊन रेशमाचा धागा खाऊन टाकतं. पॉलिएस्टर टिकतं. मला ते घरात एवढ्या मापाचं नको होतं, ही माझी आवड म्हणा.

मग रोलर ब्लाइंड. नळीवर गुंडाळलेलं कापड, बाजूला मण्यांची साखळी, ती ओढली की वरखाली. त्यात पारदर्शक विणीचं जे कापड मिळतं त्याला दुकानात सनस्क्रीन म्हणतात आणि त्यावर तीन टक्के, पाच टक्के, दहा टक्के असं लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे विणीत भोकं किती. पश्चिमेला कमी टक्क्यांचं घ्यावं, नाहीतर सूर्याचं बिंब कापडातूनही डोळ्यांत खुपतं. रंगाचं कोडं मला आवडलं. गडद कापडातून बाहेरचं आभाळ स्वच्छ दिसतं, फिक्या कापडातून धुरकट. पण फिकं कापड ऊन परत काचेकडे फेकतं आणि गडद ते पिऊन तापतं. आभाळही हवं आणि गारवाही हवा, तर बाहेरून पांढरं आणि आतून करडं असं कापड मिळतं का ते विचारायचं. काही ठिकाणी मिळतं.

साखळीबद्दल मात्र एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. खिडकी जितकी उंच, तितका साखळीचा फास लांब. आमच्याकडे तो अकरा-बारा फुटांचा झाला असता, आणि माझ्या भाचीचा दोन वर्षांचा मुलगा दर सुट्टीत इथे असतो. लहान मुलांच्या गळ्याला पडद्याच्या दोऱ्यांचा फास बसून जीव गेले आहेत. अमेरिकेत याच कारणाने २०१८ पासून दुकानात तयार मिळणाऱ्या पडद्यांना अशी लोंबती दोरी ठेवत नाहीत. आपल्याकडे साखळी भिंतीला ताणून बसवायची एक छोटी क्लिप पुडक्यात येते, आणि बसवणारा माणूस घाईत असला की ती क्लिप पुडक्यातच राहते. तुमच्या घरी ब्लाइंड असेल तर आज बघा, साखळी मोकळी हलतेय का. हलत असेल तर क्लिप बसवून घ्या, उंचावर.

मोटरचा पर्यायही पाहिला. मोटर त्या नळीच्या पोटातच बसते, बाहेरून काही दिसत नाही. रिमोटचं बटण दाबलं की पडदा हलकेच खाली. आईने दुकानात दोनदा दाबून पाहिलं, दुसऱ्यांदा हसली. पण मोटरला वीज लागते. घर बांधतानाच खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात एक पॉइंट काढून ठेवला असता तर प्रश्न नव्हता. आता प्लॅस्टर केलेली, रंगवलेली भिंत फोडून पाइप न्यायचा. नवीन घर बांधणाऱ्या किंवा नूतनीकरण करणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते, उंच खिडकीजवळ आज काही लावायचं नसलं तरी वायर ओढून ठेवा. बॅटरीवरची मोटर असते, ती काही महिन्यांनी चार्ज करावी लागते, म्हणजे पुन्हा ती उंची आलीच. काही जण खालपर्यंत चार्जिंगची वायर सोडतात, काही कंपन्या काचेला आतून चिकटवायची छोटी सौरपट्टी देतात. पश्चिमेच्या काचेला ही पट्टी शोभते, ज्या उन्हाचा त्रास त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं. ज्यांना दुसरा मार्गच नाही त्यांनी हे जरूर करावं. मी जवळजवळ केलंच होतं.

काचेला फिल्म लावायची राहिली. साबणाच्या पाण्यावर चिकटवतात, एकदा लावली की वर चढायचं काम नाही. पण ती बारा महिने चोवीस तास तिथेच. श्रावणातल्या काळवंडलेल्या दुपारी जो थोडका उजेड येतो, तोही तीच गाळणार. शिवाय गडद फिल्म स्वतः ऊन शोषते, काच मधे तापते आणि चौकटीत दबलेली कड थंड राहते, त्या ताणाने साधी काच तडकू शकते. अकरा फुटांवर तडकलेली काच हा विचारच मला नको झाला.

या हिंडण्यात एक गोष्ट हाताला कळली. आमच्याच रांगेतल्या एका घरी अशीच खिडकी आहे, त्यांनी आतून जाड ब्लॅकआऊट ब्लाइंड लावलाय. चार वाजता त्यांच्याकडे गेले. हॉलमध्ये अंधार, पण गारवा नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून त्या कापडाच्या बाजूला हात धरला तर तव्यावरून हात फिरवावा तशी धग. ऊन काचेतून आत आलेलं होतं. कापडाने ते डोळ्यांपासून अडवलं, पण घराबाहेर काढलं नाही. काच उजेडाला सहज आत सोडते. आत येऊन कापड-भिंती तापल्या की त्यांची धग मात्र तिला तशी परत बाहेर सोडता येत नाही. आतला पडदा डोळ्यांचं काम करतो. उन्हाला अडवायचं तर ते काचेच्या बाहेर असतानाच अडवायला हवं.

गोव्यात जुन्या पोर्तुगीजकालीन घरांच्या खिडक्या मला आठवल्या. लाकडी चौकटीच्या बारीक चौकोनांत काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ, चपट्या चकत्या बसवलेल्या असतात. त्यातून बाहेरचं काही दिसत नाही, ऊन येतं ते दुधासारखं होऊन. पडदा वेगळा लावायची गरजच नाही, तावदानच पडद्याचं काम करतं. आपल्या वाड्यांच्या दारांवर अर्धगोलात लाल, हिरव्या, निळ्या काचा असायच्या, त्याही तशाच. उंचावरच्या उजेडाला हात लावता येणार नाही हे धरूनच त्या माणसांनी तो आधीच गाळून घेतला होता. माझ्या एकसंध काचेच्या खिडकीत असा काही विचार नव्हता, तिच्यात फक्त माप होतं.

एका रात्री जेवताना हे सगळं मी आईसमोर मांडत होते. मोटर, वायर, फिल्म. ती भाकरी मोडत ऐकत होती. मग म्हणाली, “आपल्या साण्याला कोण खालनं चढत होतं?”

आईचं माहेर बार्शीकडचं. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. मीही लहानपणी सुट्टीत तिथे असायचे. जाड भिंती, लाकडी तुळया, त्यांवर चिपा, त्यांवर पांढऱ्या मातीचा हातभर थर. भिंतींना खिडक्या नावालाच. उजेड यायचा तो वरून, माळवदाला ठेवलेल्या भोकातून. त्याला साणं म्हणतात. चुलीचा धूर त्यातून वर जायचा आणि उन्हाचा एक गोल कवडसा त्यातून खाली यायचा. कवडसा सकाळी उतरंडीवर, दुपारी शेणाने सारवलेल्या जमिनीच्या मधोमध, कलता कलता जात्यापाशी. आजी घड्याळ बघायची नाही. “ऊन जात्यापशी आलं, चहा टाका,” म्हणायची. चिकटचिठ्ठ्यांची कल्पना आईला कुठून सुचली ते मला तेव्हा, ताटावर बसल्याबसल्या कळलं.

आणि पाऊस आला की? घरात आरडाओरडा व्हायचा, “साणं झाका, साणं झाका!” पोरं जिन्याने माळवदावर धावायची आणि भोकावर पत्रा ओढून त्यावर दगड ठेवायची. खालून शिडी लावून साणं झाकायला कुणी गेल्याचं मला आठवत नाही. खालून ते दहा फुटांवर होतं. वरून पायाशी होतं.

“वरनं झाकायचं असतं ते,” आई म्हणाली आणि ताकाची वाटी पुढे ओढली.

जेवण तसंच टाकून मी टॉर्च घेऊन गच्चीवर गेले. आमच्या हॉलच्या छतावरच आमची गच्ची आहे. कठड्यावरून वाकून पाहिलं, खाली दीड फुटाचा छज्जा, त्याखाली ती काच. वरून मोजलं तर खिडकीची वरची कड माझ्या पायांपासून दोन हातांवर होती. नऊ वर्षं मी तिला खालून बघत होते.

पुण्यात बुरूड आळी आहे. सुपं, टोपल्या, शिड्या, मांडवाचे बांबू आणि चिकाचे पडदे. बांबूच्या बारीक काड्या सुताने विणून केलेला पडदा, दोरी ओढली की खालून गुंडाळत वर जातो, दोरी सोडली की आपल्या वजनाने खाली येतो. तिथे एका कारागिरापुढे आम्ही वहीतलं चित्र ठेवलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, “वारा कुठनं येतो?” इतक्या दुकानांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, समोरूनच, पश्चिमेचा. “मग नुसता टांगू नका. दोन्ही बाजूंनी तार ओढा, पडदा तारेतनं चालला पाहिजे.”

ऐकायला हवं होतं. आम्ही पहिला पडदा नुसताच टांगला. पंधरा दिवसांत वळीव आला. गारांच्या आधी जो वारा सुटतो, त्याने चिक काचेवर असा काही आपटला की मी आतून दोन्ही हात कानांवर धरून उभी राहिले. सकाळी खालच्या चार काड्या तुटून अंगणात पडल्या होत्या. काच वाचली. मग तारा ओढल्या, खालच्या काठीला कड्या लावल्या, कड्या तारेत अडकवल्या. हुक आणि दोरीच्या कप्प्या बसवायचं काम एकदाच एका माणसाने पाठीला दोर बांधून गच्चीवरून उतरून केलं. त्यानंतर आजवर त्या भिंतीला शिडी लागलेली नाही. झाडझूड, काच धुणं, काडी तुटली तर बदलणं, सगळं कठड्याच्या आत उभं राहून लांब दांडीने होतं.

दोरी छज्जाखालच्या कप्पीतून खाली दाराशेजारी आणली आणि चौकटीला साडेचार फुटांवर एक खुंटी ठोकली, भाचीच्या मुलाच्या हाताच्या वर आणि आईच्या हाताला येईल अशी. साडेतीन वाजले की ती चप्पल घालून बाहेर येते, दोरीचे वेढे सोडते, दोन्ही हातांनी हळूहळू ढील देते. चिक खुळखुळत खाली येतो. मग ती वेढे परत घालते, गाईचं दावं बांधावं तशी गाठ मारते आणि येऊन खुर्चीत बसते. काड्यांच्या फटींतून ऊन येतं, पण बारीक बारीक रेघांचं. तिच्या नऊवारीवर, हातांवर त्या रेघा पडतात. पदर आता खांद्यावर असतो. फाटक दिसतं. सातला मी आले की चिक वर घेते, कारण गुंडाळताना जोर लागतो आणि तेवढं काम माझं.

मृगाच्या आधी पडदा उतरवायचा. पावसात बांबू कुजतो, काळा पडतो. कडकडीत वाळवून, जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर. पुढल्या मार्चमध्ये पुन्हा बाहेर. फाटकाशेजारी एक करंजही लावलाय. बहावा लावायची माझी फार इच्छा होती, फुलं म्हणून. पण बहाव्याची पानं ऐन एप्रिल-मेमध्ये झडलेली असतात, त्या वेळी सावली कुठली. करंज उन्हाळ्याच्या तोंडाशी नवी पालवी घेतो आणि मेमध्ये दाट असतो. आज तो माझ्या खांद्याला आलाय. खिडकीपर्यंत पोचायला त्याला बरीच वर्षं लागतील, मी थांबायला तयार आहे.

ज्यांच्या खिडकीच्या वर गच्ची नाही, दहाव्या मजल्यावर ज्यांची अशी काच आहे, त्यांना हे जमणार नाही. त्यांनी फिक्या पाठीचं सनस्क्रीन आणि खालून चार्ज होणारी मोटर घ्यावी, आणि त्याआधी एक आठवडा चिठ्ठ्या चिकटवून बघाव्यात. कदाचित अर्धीच खिडकी झाकावी लागेल. कदाचित चारच महिने.

आमच्याकडे तरी ते तसंच निघालं. गेल्या डिसेंबरात एका रविवारी दुपारी हॉलमध्ये आले तर आईची खुर्ची जागेवर नव्हती. काळजात चर्र झालं. बघते तर ती जिन्याच्या पायथ्याशी. थंडीत सूर्य नैर्ऋत्येकडून तिरका येतो, त्यामुळे तो चौकोन नेहमीच्या जागी न पडता उत्तरेच्या भिंतीकडे, जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर पडला होता. एवढी जड खुर्ची तिने ढकलत ढकलत तिथवर नेली होती. गुडघ्यांना तेल लावून, पाय उन्हात सोडून बसली होती. तिथून फाटक दिसत नाही. पण त्या दिवशी मी घरातच होते.

“चार वाजले,” माझी चाहूल लागताच ती मागे न बघता म्हणाली. “ऊन तिसऱ्या पायरीला लागलं. चहा टाक.”